म्हस्कूआबांच्या पन्नास गोगलगाई

म्हस्कूआबांवर मी आयुष्यात एकदाच ओरडलो, तेही दिपोटीसाहेबांसमोर. चूक त्यांची होती की माझी, याचा मला अजून उलगडा होत नाही.

साल सत्तावन्न. इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी शास्त्र शिकवत होतो आणि आबा तिथं हंगामी शिपाई होते. वरकुटे गावचे. पन्नाशी उलटेपर्यंत मेंढरं राखलेली. घड्याळ कळायचं नाही, त्यामुळं घंटा कधी आधी, कधी नंतर. हेडमास्तर वैतागले होते. "पुढच्या सोमवारी दिपोटी शाळा तपासायला येतायत. याला काढायचं की कायम करायचं, त्यांच्यापुढंच ठरवू," म्हणाले. घरी आबांची बायको रंगूबाई अंथरुणाला खिळलेली. तिला टाकून पुन्हा मेंढरांमागं रानोमाळ कसं हिंडणार? मी म्हटलं, "माझ्या प्रयोगात घेतो. बघा तर माणूस कसा कामाचा आहे."

प्रयोग साधा. शाळेच्या वांग्याच्या बागेत गोगलगाई किती, ते सगळ्या न मोजता काढायचं. पन्नास धरून पाठीवर तांबडा ठिपका द्यायचा आणि सोडायच्या. आठ दिवसांनी हाताला लागतील त्या पन्नास धरायच्या. त्यांत ठिपक्याच्या पाच निघाल्या, तर बागेत सुमारे पाचशे.

पोरांवर भरवसा नव्हता. ती गाढवं ठिपका बघूनच उचलतात. म्हणून ठिपके देऊन सोडल्यावर पुन्हा धरायचं काम आबांना दिलं. "सोमवारी पन्नास घेऊन या," एवढंच सांगितलं. गोगलगाई धरायला आणखी काय समजावायचं!

सोमवारी दिपोटी वर्गात बसले. आबांनी टोपली उघडली. पन्नासच्या पन्नास ठिपक्याच्या! फळ्यावर उत्तर आलं, बागेत एकूण गोगलगाई पन्नास. आणि खिडकीबाहेर एकेका झाडाला पाच-पाच चिकटलेल्या दिसत होत्या. पोरं फिदीफिदी हसायला लागली. माझं डोकंच फिरलं.

"अरे शहाण्या, सगळा विचका केलास!" एरवी अहो-जाहो करणारा मी.

आबा भांबावले. "इचका? गुरुजी, एक बी हरवली न्हाय. तीन दिस हुडकत हुतो."

"आणि बिनठिपक्याच्या?"

"त्या आपल्या कुठं? कळप मिसळला तर खुणंची जनावरं आपली, बाकीची ज्याची त्याला. मेंढराच्या पाठीवर गेरू लावत्यात त्यो कशापायी?"

दिपोटी पुढं सरकले. "बाकीच्या किती होत्या, बाबा?"

"चारशे सदतीस. परकं जनावर बी मोजूनच सोडायचं, सायेब. उद्या कुणी इचारलं तर?"

मी फळ्यावरचे पन्नास पुसले. तिथं काय लिहावं कळेना. प्रयोग फसला होता, आणि गोगलगाई मोजूनही झाल्या होत्या. दिपोटी पोट धरून हसले आणि हेडमास्तरांच्या हातातला आबांच्या नोकरीचा कागद घेऊन त्यावर सही करून निघून गेले.

शाळा सुटल्यावर आबा माझ्याकडं आले. डोळे लाल. हातातल्या शाळेच्या किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. "रंगीला काय सांगू आता? माजं चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा."

"आबा, अहो, तुम्हाला कायम केलंय! दिपोटींनी सही केली."

आबा किल्ल्यांना हात लावेनात.

"मग गुरुजी," ते म्हणाले, "तुमी वरडलासा कशापायी?"