वर जाणाऱ्याला आधी वाट

आमच्या काकांनी सगळी नोकरी इस्पितळाच्या लिफ्टमध्ये काढली आणि राहतात मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. यावर घरात इतके विनोद झालेत की आता कुणी हसत नाही. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, तर कधीच हसली नाही. गेल्या थंडीत काका जिन्यात घसरले आणि शेजारीण कचरा टाकायला बाहेर येईपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून ताईने एकच धोशा लावला होता. हे घर सोडायचं आणि तिच्या गावी, तिच्या तळमजल्यावरच्या घरात राहायला यायचं.

काका बरेच दिवस ऐकून घेत होते. मग एकदा फोनवर म्हणाले, "हे बघ, डोंगरावरच्या वरच्या तळ्यापर्यंत मी एका दिवसात जाऊन आलो, माझ्या पायांनी, तर हा विषय बंद. नाही जमलं तर मुकाट्याने बॅग भरतो." ताई लगेच हो म्हणाली, कारण तिला खात्रीच होती. साक्षीदार म्हणून तिने मला नेमलं. मी तिच्याच बाजूची होते, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी शेजारणीच्या फोनवर धावत गेले होते ती मीच. दोन पायऱ्या खाली पडलेली त्यांची एकच चप्पल अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

डोंगरावर तीन तळी आहेत. खालचं सहलीवाल्यांचं, मधलं हौशी लोकांचं आणि वरचं हट्टी लोकांचं. आम्ही सकाळच्या पहिल्या बसने पायथ्याशी पोचलो. वाटेच्या तोंडाशी फलक होता. वाट सोडून चालू नका, कचरा परत न्या, मोठ्याने गाणी लावू नका, चढणाऱ्याला आधी वाट द्या. चौकीवरच्या वनरक्षक बाई प्रत्येकाला बजावत होत्या की दोन वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, नाहीतर शेवटची बस चुकेल. काकांनी चष्मा लावून फलक शेवटपर्यंत वाचला, "नीट लिहिलंय," असा शेरा दिला आणि पहिल्याच वळणावर सगळं विसरून गेले.

झालं असं की समोरून चार माणसं खाली येत होती. काका चटकन बाजूला गवतात सरकले, हात लांब केला आणि म्हणाले, "या, या. आधी बाहेर येणारे." ती माणसं हसत निघून गेली. पुढच्या वळणावर तेच. त्याच्या पुढे तेच. आयुष्यभर लिफ्टच्या दारात उभं राहून या माणसाने हेच केलं होतं, की आतले बाहेर पडल्याशिवाय बाहेरच्याला पाऊल टाकू द्यायचं नाही. स्ट्रेचर असो की मोठे डॉक्टर, नियम सगळ्यांना एकच. तो त्यांच्या हाडांत मुरला होता.

"काका, इथे उलटं असतं," मी म्हणाले. "चढणारे आपण आहोत. थांबायचं त्यांनी."

"अगं, दोन मिनिटांनी काय बिघडतं?"

दोन मिनिटांनी काही बिघडत नाही, पण लोक काही एकदाच भेटत नव्हते. प्रत्येक थांब्यानंतर काकांचा श्वास नव्याने जुळवावा लागे, गुडघा नव्याने कुरकुरे. मी संत्रं सोलून साल झुडपात भिरकावली, तर ती शोधून त्यांनी खिशात घातली आणि वर मलाच ऐकवलं, "कचरा परत न्या, असं लिहिलंय ना?" माझं डोकं फिरलं. सालीचा नियम लक्षात राहतो आणि स्वतःच्या फायद्याचा तेवढा राहत नाही, याला काय म्हणावं?

मधल्या तळ्याशी पोचेपर्यंत उन्हं डोक्यावर आली होती. तिथे त्या वनरक्षक बाई मागून आल्या, गस्तीवर असाव्यात. त्यांनी काकांना दोनदा बाजूला होताना पाहिलं आणि जवळ येऊन म्हणाल्या, "काका, राग मानू नका. पण तुम्ही दर वेळी गवतात पाय ठेवताय. तुमचं बघून मागचेही ठेवतात. हे बघा काय झालंय."

तळ्याच्या काठची वाट खरोखरच दुप्पट रुंद झाली होती. दोन्ही बाजूंचं शेवाळ तुडवून नुसता चिखल उरला होता.

"उतरणाऱ्याने आतल्या अंगाला थांबायचं, वाटेवरच," बाई म्हणाल्या. "चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा लय लागत नाही. म्हणून आधी तो."

बाई पुढे गेल्या तरी काका चिखलाकडे बघत उभेच राहिले. "कुठे उभं राहायचं ते मला सांगितलं हो तिने," ते म्हणाले. "मला." त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची दया आली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच वाटलं की यांनी पोचावं. जिंकावं म्हणून नाही. असा चेहरा घेऊन त्यांनी खाली जाऊ नये म्हणून.

एक वाजून गेला होता. वरची वाट नागमोडी होती आणि तिला छेदून सरळ वर जाणारी एक घसरडी चोरवाट दिसत होती.

"इथून गेलो तर अर्धा वेळ वाचेल," मी म्हणाले.

"आत्ताच गवताचं ऐकून घेतलं ना आपण?" काका म्हणाले. "आणि ताईला काय सांगशील? बाबा पोचले, पण मधले मजले गाळून? वाट आहे तीच वाट."

मग ते चालू लागले. सावकाश, पण एकसारखे. पुढच्या वळणावर वरून मोठा घोळका आला, बहुधा कुठल्यातरी ऑफिसची सहल. एकाच्या पाठीवरच्या स्पीकरवर गाणी ठणाणत होती. वाट अरुंद, एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला गवताचा उतार. काकांचा डावा पाय सवयीने गवताकडे निघाला. तो पाय हवेतच थांबला आणि परत वाटेवर आला.

"थांबा," काका म्हणाले. ओरडले नाहीत. ज्या आवाजापुढे भरलेली लिफ्ट गप्प व्हायची, तो आवाज होता. "आधी वर जाणारे. आतल्या अंगाला उभे राहा, भिंतीला टेकून. आणि ते गाणं बंद करा, पलीकडे पाणी पडतंय ते ऐकू येत नाही."

सगळे निमूटपणे ओळीने कड्याला टेकले. गाणं बंद झालं. काका त्यांच्या समोरून चालत गेले आणि शेवटच्या माणसाला म्हणाले, "धन्यवाद. आता सावकाश जा."

त्यानंतर ते कुणासाठीच थांबले नाहीत. तोंड लाल झालं, बोलणं बंद झालं, एकदा तर दोन्ही हातांनी मांडी उचलून पाऊल पुढे टाकलं. मी थर्मास पुढे केला तर मानेनेच नको म्हणाले. दोनला थोडा वेळ असताना आम्ही वर पोचलो. तळं लहानसंच होतं, काठाला बर्फाचा मळका पट्टा. काकांनी पाण्यात हात बुडवला, तसाच चेहऱ्यावर फिरवला आणि म्हणाले, "चल, अजून अर्धं काम बाकी आहे." मला फार आनंद झाला होता. ताईच्या बाजूची असून झाला होता.

उतरताना दोनच्या आत वर पोचायला धडपडणारे शेवटचे काहीजण भेटले, त्या प्रत्येकासाठी ते कड्याला टेकून उभे राहिले. मी घाई केली तर म्हणाले, "आता आपली पाळी." बस मिळाली, पण दार लागता लागता.

डोंगरावर फोन लागला नव्हता आणि येताना माझा बंद पडला, त्यामुळे ताईला काहीच कळलं नव्हतं. आम्ही इमारतीपाशी आलो तेव्हा अंधार झाला होता. दाराशी तिची गाडी उभी. काकांनी एकदा गाडीकडे पाहिलं, कठडा धरला आणि जिना चढायला लागले. मी मागून, हात पुढे करून, पण न लावता.

दुसऱ्या मजल्याच्या वर ताई भेटली. ती खाली येत होती, हातात काकांची भरलेली बॅग. आपल्या किल्लीने घर उघडून तिने सगळं आवरलं होतं, म्हणजे दमलेल्या बाबांना वर चढायलाच लागू नये. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने आधी त्यांच्या मातकट बुटांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"पोचले," मी म्हणाले. "आणि एकही वळण गाळलं नाही."

जिना अरुंद होता आणि बॅग मोठी. काकांचा पाय थरथरत होता, पण ते वाटेतच उभे राहिले.

"थांब, बाळा," ते म्हणाले. "आधी वर जाणारे."

ताई भिंतीला टेकली. काका तिच्या शेजारून एकेक पायरी चढत पुढे गेले. ते वळणाआड होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिने बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्या मागोमाग वर चढू लागली.