साहेबराव मिस्त्रीचा कान

लासुर्ण्याच्या साहेबराव मिस्त्रीकडं इंजिन न्यायचं म्हणजे आधी काठी लागायची. हातभर बाभळीची काठी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. इंजिन सुरू करायचं, काठीचं एक टोक लोखंडावर, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. मग मिस्त्री सांगणार पोटात काय दुखतंय ते. पार बारामतीपर्यंत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शेजारी त्याची बायको रंगुबाई शेंगा फोडत बसायची. बाई तोंडाची भारी, असं गिऱ्हाईक म्हणायचं. कुणी हळू काही बोललं की ही तेच मोठ्यानं घोळवायची. लोकांना काय, नावं ठेवायला निमित्त पुरतं. तीस वर्षं शेडात धडधडणाऱ्या इंजिनांनी नवऱ्याचे कान खाल्ले होते आणि दोन वर्षं ती ते झाकत होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. साहेबरावाच्या आलं होतं. पण कबूल करील तर तो मिस्त्री कसला.

शहाण्णव साली गेणबा आला. उजनीच्या पाण्यात त्याची होडी होती, इंदापूरच्या काठावरनं करमाळ्याकडं माणसं नेणारी. पणदऱ्याच्या एका विहिरीवर विजेची मोटर बसली, तिथलं जुनं डिझेल इंजिन त्यानं होडीसाठी उचललं होतं.

"मिस्त्री, सगळं खोलायचं, का वरवरच्या कामात भागंल?" त्यानं विचारलं. "बाजाराच्या दिवशी होडी पाण्यात पायजे."

"सगळं खोलायचं का वरवरचं, म्हणत्यात!" रंगुबाई मोठ्यानं म्हणाली.

साहेबरावानं काठी लावली, डोळे मिटले. काठी हाताला थरथरत होती, कानात मात्र नुसती घूं घूं. झिजलेल्या भागाचा ठोका काही ऐकू आला नाही, आणि ठोका नाही म्हणजे खालचा भाग शाबूत.

"खालचं धडधाकट हाय," तो म्हणाला. "वाल घासतो, रिंगा बदलतो. दोन दिवसांनी घिऊन जावा."

रंगुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. पण गिऱ्हाइकासमोर मिस्त्रीचा शब्द खाली पाडायचा नाही, हा त्या शेडाचा कायदाच होता.

गेणबा गेल्यावर ती म्हणाली, "अवो, ठोका हाय त्येला."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तीस वर्सं हितंच बसलीया न्हवं मी."

साहेबरावानं रागारागानं इंजिन पुन्हा सुरू केलं. तिनं वाद घातला नाही. त्याचा तळहात हातात घेतला आणि त्यावर बोटानं ठोका धरला. त्यानं इंजिनाची चाल वाढवली, तसं बोट भराभर पडायला लागलं. चाल कमी केली, बोट सावकाश झालं. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेलकट बाहीनं त्यानं ते पुसलं.

मग त्यानं तळ खोलला. पिस्टनच्या दांड्याचं बेअरिंग झिजून कागद झालं होतं, बोल्ट हलत होता. भर पाण्यात, वाऱ्यात, तीस माणसं घेऊन हे तुटलं असतं. तो तिथंच मातीत बसला.

गेणबा इंजिन न्यायला आला तेव्हा शेडात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. साहेबराव सगळ्यांसमोरच बोलला. "गेणबा, मी तुमाला चुकीचं सांगितलं. माझा कान गेलाय. हे इंजिन तळापासनं बांधून देतो, पण आता हे शेवटचं. माझ्या शब्दावर पुढं कुणी इंजिन पाण्यात घालू नका."

"असं नका बोलू, मिस्त्री," गेणबा पुटपुटला. रंगुबाईनं ते मोठ्यानं सांगितलं, पण या वेळी उघड, नवऱ्याच्या कानाशी वाकून.

त्या बाजाराला होडी काही निघाली नाही. पुढच्या बाजाराला गेणबानं दोघांना काठावर नेऊन बसवलं. पल्याडची पहिली खेप आणायला तो एकटाच गेला.

बऱ्याच वेळानं काठावरच्या बाया एकदम उठल्या, पाट्या डोक्यावर घ्यायला लागल्या. पाण्यावर अजून काहीच दिसत नव्हतं. सगळ्यांना ऐकू आलं होतं, फक्त इंजिन बांधणाऱ्याला नाही.

"आला व्हय?" त्यानं विचारलं.

रंगुबाईनं होय म्हणून मान हलवली.

साहेबरावानं हळूच आपला तळहात तिच्यापुढं उघडा केला. तिनं त्यावर आपला हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून ती बसली. इंजिनात आता ठोकाच नव्हता, तर बोट कशाला हलवणार.