एकाच नावाच्या दोघी

दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणत. अठरा वर्षांपूर्वी ती नोंदणीच्या खिडकीवर टायपिस्ट म्हणून लागली आणि शिकत शिकत पेशंटांच्या माहितीचा सगळा डेटाबेस तिच्या हाती आला. स्वभावाने भित्री. गॅस बंद केलाय ना, हे बघायला जिन्यावरून दोनदा परत फिरणारी.

त्या सोमवारी मात्र तिने घाई केली.

नवं सिंगल साइन-ऑन आलं होतं. सकाळी एकदाच पासवर्ड टाकायचा, की सगळे प्रोग्राम उघडणार. पण डेटाबेस निम्म्या लोकांना दारातच अडवू लागला. लॉगिनची नावं इंग्रजीत. नव्या यंत्रणेत पहिलं अक्षर कॅपिटल, जुन्या डेटाबेसात तेच लहान. आपल्या लेखी माणूस एक, डेटाबेसच्या लेखी दोन. फोन घेऊन घेऊन तिचा कान तापला.

"सगळी नावं लहान अक्षरांत करून मग जुळवा ना, ताई," साहेब डोक्यावर उभे राहून म्हणाले. "एका ओळीचं तर काम!"

तिने ती ओळ लिहिली. फोन गप्प झाले. साहेब खूश होऊन गेले.

चाळीस मिनिटांनी चहाचा कप तोंडाशी नेताना तिने तो तसाच खाली ठेवला. दोन नावांत फरकच फक्त कॅपिटलचा असेल तर? हे आधी बघायचं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिने यादी काढली. एकच जोडी निघाली. हृदयरोगाच्या वॉर्डातली सिस्टर आणि तिच्यानंतर बारा वर्षांनी लागलेली, त्याच नाव-आडनावाची, मुलांच्या वॉर्डातली सिस्टर. दुसरीला लॉगिन देताना कोणीतरी पहिलं अक्षर कॅपिटल करून वेळ मारून नेली होती. आता दोघींची मिळून एकच बाई झाली होती, हृदयरोगाच्या वॉर्डातली.

म्हणजे मुलांच्या वॉर्डातल्या पडद्यावर मोठ्या माणसांची औषधं, खाटांचे नंबर मात्र तेच.

तिने ती ओळ काढली, पण आधीच उघडलेला पडदा त्याने बंद होणार नव्हता. वॉर्डाचा फोन लावला, तर लाइन एंगेज. लिफ्ट वर अडकलेली. ती जिन्याकडे धावली. तीन मजले. डोक्यात एकच, चाळीस मिनिटं, चाळीस मिनिटं.

सिस्टर ट्रॉलीपाशी उभी होती. एका हातात भरलेली सिरिंज, दुसऱ्या हातात फोन.

"थांबा! काही देऊ नका!" ताईच्या तोंडून जेमतेम एवढंच फुटलं.

"कुठे देतेय? डोस बघून मीच चक्रावलेय," सिस्टर म्हणाली. "चार नंबरचं बाळ आठ किलोचं. त्याला एवढं? डॉक्टरांना फोन लावतेय, लागतच नाही."

"आणि याच्या आधी? सकाळपासून कोणाला काय दिलं?"

"दोघांना दिलंय."

दोघी खाटांकडे गेल्या. बाळांच्या उशाशी टांगलेले कागद ताईने ओळ न् ओळ वाचले, मग पुन्हा वाचले. दोन्ही डोस बरोबर होते. नवी यंत्रणा सुरू होईपर्यंत सकाळी कॉम्प्युटर बंद होता, तेव्हा सिस्टरने ते कागदावरूनच दिले होते.

खाली येऊन तिने साहेबांना सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. "कोणाला कळलंय का?"

"सगळ्यांना कळेल. मी लिहून देतेय. ओळ माझीच होती."

तिला लेखी समज मिळाली. धाकट्या सिस्टरला अगदी वेगळं लॉगिन दिलं, आणि अक्षर लहान असो वा मोठं, घेतलेलं नाव डेटाबेस दुसऱ्या कोणाला देणार नाही, असा नियम तिने घातला. नोकरी टिकली, पण पुढे कित्येक दिवस फोन वाजला की उचलण्याआधी ती नावांची यादी उघडून बघायची.

शुक्रवारी चार नंबरचं बाळ घरी गेलं. ताई मुद्दाम दाराशी जाऊन उभी राहिली. आईच्या खांद्यावरून त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि जांभई दिली. ही बाई कोण, ते त्याच्या आईला ठाऊक नव्हतं.