माळवदावरचा निवडुंग

आमच्या परसातला निवडुंग आपोआप उगवलेला नव्हता. सासऱ्यांनीच लावला होता. वाटणीत त्यांना टेंभुर्णीतलं अगदी शेवटचं घर आलं. मागे भिंत नव्हती, मोकाट गुरं थेट चुलीपर्यंत यायची. निवडुंगाला पाणी लागत नाही आणि गुरं तोंड लावत नाहीत. काही फडे खोचले की कुंपण तयार. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे हयात नव्हते आणि कुंपणानं निम्मं परस गिळलं होतं.

मी आणि नवरा उन्हाळाभर तोडायचो. पण तोडलेलं टाकायचं कुठे? फडा नुसता मातीवर पडला तरी मुळं धरतो. जाळायला गेलं तर धूर होतो, पेट घेत नाही. त्याची बारीक कुसं बोटांत शिरली की घास उचलवत नाही. शेवटी परसामागच्या टेकाडावर फेकायचो. वर्षभरात टेकाडही हिरवं झालं.

त्या टेकाडातच आमची खरी अडचण होती. आमच्याकडची घरं माळवदाची. तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पांढरी माती. दर उन्हाळ्यात नवा थर दिला नाही तर पावसात घर गळतं. आमच्या घराला माती लागायची ती या टेकाडाचीच.

"औंदा माती दुसरीकडून आणू," मी सासूबाईंना म्हटलं. त्यांना मी आत्या म्हणे.

"ह्या घरावर हीच माती बसती. दुसरी टाकली तर गळंल."

"मंग चाळून तरी घेते. फड्यांचे तुकडे हायेत तिच्यात."

"माळवदाची माती कुणी चाळती का गं? भाकरी करायची हाय का तिची?"

नवरा हसला आणि पाटी उचलून शिडी चढला. माती न चाळताच गेली.

दिवाळीपर्यंत माळवदावर अंगठ्याएवढे फडे दिसू लागले. उपटले की मातीत भोक पडायचं आणि पाणी घरात. ठेवले तर मुळं फळ्यांच्या फटीत. शेजारीण गल्लीतून वर बघून ओरडली, "आवं, बाग झ्याक आलीय तुमची! बोंडं पिकली की आमालाबी धाडा."

"वर ये, तोडून ने," आत्या कडाडल्या. घरात येऊन मात्र त्या कितीतरी वेळ वरच बघत बसल्या. त्यांचं एकच म्हणणं होतं, मरण या छपराखाली यावं. दुसऱ्याच्या दारात नको.

भोकं बुजवायला पुढच्या उन्हाळ्यात जाड थर दिला. माती तीच. त्यातून पुन्हा फडे. मग आणखी थर. माळवद जड होत गेलं, तुळया मधे वाकल्या. एका पावसाळ्यात भरदुपारी मागचा खण खाली आला. आम्ही पुढच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. जातं, रांजण, दाणे सगळं चिखलात गेलं. आठवडाभरात पुढचंही बसलं.

वेगळे राहणारे माझे दीर आले. धड राहिलेल्या तुळया गाडीत घालून घेऊन गेले, आपला गोठा वाढवला आणि त्याच वाढीव भागात आम्हांला जागा दिली. उपकारच होते. आत्यांना तोवर दिसायचं कमी झालं होतं. त्या रोज विचारायच्या, "घराचं काय करून राह्यले तुम्ही?" आम्ही काहीच करत नव्हतो. करण्यासारखं नव्हतं.

काही वर्षांनी निवडुंगावर कापसासारखा पांढरा किडा पडला. सरकारनं सोडला म्हणत. निजामाच्या की इंग्रजांच्या, ते सांगणारा कुणी भेटला नाही. ज्याला आम्ही कोयत्यानं हरवू शकलो नाही तो उभ्या जागी कुजून लोळला. गावभर वास. मी जाऊन आले. परसात आता अनवाणी चालता येत होतं.

"गेला का गं निवडुंग?" आत्यांनी विचारलं.

"गेला. बिलकुल साफ झालं."

"मंग चला की घरी."

"आत्या, घर न्हाई तिथं. मातीचा ढीग हाय नुसता."

त्या म्हणाल्या, "माती हाय ना बराबर? मंग झालं तर. तुळयांवर नवा थर द्या."

नवरा उठून बाहेर गेला. मी वर बघितलं. तुळया तिथंच होत्या, आमच्या डोक्यावर, दिरांच्या गोठ्यात.