उलट्या बाजूनं वाकलेली जाळी

सावधान! मंडळी, हातातला चहा खाली ठेवा. चाकणच्या औद्योगिक इतिहासातली अत्यंत गंभीर घोषणा होत आहे — लोखंडाच्या चार सळया उलट्या वाकल्या... आणि मी ओंडक्यावर सही केली नाही!

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. भूत भेटलं तर मी आधी त्याचा गेटपास मागेन. बावीस वर्षं क्वालिटीत आहे, सवयच ती!

राहतो दापोडीत, वर्कशॉप चाकणला. गेल्या पावसाळ्यानंतर एका वीजनिर्मितीच्या धरणाची जाळी आमच्याकडे दुरुस्तीला आली. ओंडके आत जाऊन टर्बाइन मोडू नये म्हणून ती टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी बसवतात. पाणी धरणातून आत घुसतं, म्हणजे जाळी वाकलीच तर आत वाकणार. ही बाहेर वाकली होती — धरणाकडे. मधोमध माणूस जाईल एवढी फट. जणू कुणीतरी खालून, फिरत्या टर्बाइनमधून, लोंढ्याच्या तोंडावर वर आलं होतं...

"बाजू दाखवणारा रंग उलटा मारला असेल कुणीतरी," आमचे मॅनेजर शिर्केसाहेब म्हणाले.

"आणि धरणाकडचं शेवाळ? तेही ब्रशनं मारलं?"

"राव, 'ओंडक्यामुळे नुकसान' लिही आणि सही ठोक. तीनला त्यांचे इंजिनियर येतायत. दुप्पट जाड सळयांची ऑर्डर मिळणार आहे. ती गेली तर तिच्या आधी तू जाशील."

झाडू मारणाऱ्या शेवंतामावशी थांबल्या. त्यांचं गाव त्याच धरणात बुडालंय. वाकलेल्या सळईवरून हात फिरवत म्हणाल्या, "महाशीर हाय त्यो. उभा धरला तर माझ्या बाच्या खांद्याला लागायचा. पावसात वर चढायचा, अंडी घालायला. भिंत झाली, मंग न्हाई दिसला."

"मावशी, मासा लोखंड वाकवतो होय?"

"तुमाला घरी जाताना कुणी अडवलं, तर काय कराल?"

मी हसलो. सळया प्रेसवर सरळ करून घेतल्या, पाऊण तास लागला. एक वाजता जेवणाची सुट्टी. शटर मीच ओढलं, प्रेसची किल्ली माझ्याच खिशात. दीडला उघडलं...

त्याच चार सळया. त्याच बाजूला. तशाच वाकलेल्या! खाली पाण्याचं थारोळं आणि त्यात तळहाताएवढं एक खवलं. गार. नदीचा वास येत होता त्याला.

शिर्केसाहेबांचा चेहरा... अहाहा, तिकीट लावायला हवं होतं! पण हट्ट सुटेना. "लिही, ओंडका."

"साहेब, सुट्टीत आलेला ओंडका पंचिंग करून आला का?"

मी लिहिलं — दाब आतून, धरणाच्या दिशेनं. दोनदा. कारण माहीत नाही. खाली ठसठशीत सही.

कारण आजही माहीत नाही. खवलं माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, अजून ओलं. नोकरीही आहे, जाड सळयांची ऑर्डर मात्र अजून आलेली नाही. आणि कारण सापडत नाही म्हणून मी ओंडका लिहीन, हे विसरा!

तर त्या दिवशी तीनला इंजिनियर आले. रिपोर्ट वाचला, जाळीभोवती दोन चकरा मारल्या, खवलं उजेडात धरलं. मग हळूच विचारलं, "मग... सळया किती जाड करायच्या?"

शिर्केसाहेबांनी तोंड उघडलं. त्याआधीच झाडू आपटून शेवंतामावशी ओरडल्या,

"आवं जाड काय करताय? दार ठेवा की त्याला!"