दाजींचा चिमटा

दाजी परब वर्तमानपत्र उलटं वाचत. मी ओट्यावर अंक उघडून बसले की ते समोर उभे राहत आणि माझ्याआधी अग्रलेख संपवून मोकळे होत! स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. घाटकोपरच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत राहत आणि गिरगावातल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. उलट्या अक्षरांत त्यांचा जन्म गेलेला. एरवी माणूस धीट, पण कुत्र्यांना भारी भीत. आमचा बंड्या दिसला की धोतर आवरून भिंतीला चिकटून जात.

एका रविवारी बंड्याच्या पापणीच्या कडेला गोचीड रुतलेली दिसली. चांगली वाटाण्याएवढी! आधीची एक मी मानेवरून हिसकून काढली होती. तिचं डोकं आत राहिलं आणि जखम आठ दिवस पिकली. आई म्हणाली, "आता डोळा गेला तर मी नाही हो आंधळं कुत्रं सांभाळायची. खाडीपलीकडे सोडून येऊ." शेजारी जमले. कुणी म्हणे रॉकेल लावा, कुणी म्हणे उदबत्ती टेकवा. डोळ्याजवळ! मी रडकुंडीला आले. तेवढ्यात गर्दीतून दाजी पुढे झाले. हातात छापखान्यातला चिमटा.

"चुकलेलो खिळो आमी हिसकून काढतांव काय गो? बाजूचे सगळे हलतले. तळाक धरूचो नि सरळ वर."

"पण दाजी, तुम्हाला कुत्र्याची..."

"तू तेचा तोंड धर. बोलू नको."

मी बंड्याला मांडीत आवळलं. दाजींनी चिमट्याची टोकं कातडीला टेकवली आणि हळूहळू ओढायला लागले. पिळणं नाही, हिसका नाही. पापणी ताणली गेली. बंड्या गुरगुरला. "दाजी, चावेल!" सगळे ओरडले. हात तसाच! आणि आली! अख्खी आली! दाजींनी ती उजेडात धरून प्रुफासारखी तपासली. "मुंडी आसा," म्हणाले आणि मटकन ओट्यावर बसले.

"भ्यायलात?" मी विचारलं.

"भियालंय नाय तर काय! पण हाताक कळूक दिलंय नाय."

पुढे नजर मंदावली, तसे दाजी कायमचे मालवणला गेले. निघताना चिमटा मला दिला. बंड्या पायांत घुटमळत होता, पण त्यांनी धोतर आवरलं नाही.

ते वारल्याचं कार्ड आलं, तेव्हा मी गल्लीतल्या एका पिल्लाच्या कानातली गोचीड काढत होते. आईने कार्ड मोठ्याने वाचलं. माझे डोळे भरून आले, पण मी हाताला कळू दिलं नाही.