तीन बाजार, एक टेम्पो

आदेशच्या संशोधनाचा विषय होता मतदानाच्या पद्धती आणि खेळ-सिद्धांत. "खेळ म्हंजे पत्ते काय?" असं त्याच्या मामानं विचारलं होतं. वर्ध्याच्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवायचा आणि सात वर्षांपासून पीएचडी करत होता. गावात त्याला 'मतदानाचा डॉक्टर' म्हणत. विद्यापीठ अजून म्हणायचं होतं.

तर गावातल्या भाजीपाला गटाला टेम्पो मिळाला. दर शनिवारी तो कोणत्या बाजाराला न्यायचा, यावरून पंधरा घरांत जुंपली. गटाचे अध्यक्ष नत्थूजी सरळ आदेशकडे आले. "मतदान तूच घेजो. शिकेल पोट्टा आहेस, तुले कोणी मारणार नाई."

आदेश वही घेऊन घरोघर फिरला. पहिली पसंती कोणती, दुसरी, तिसरी. पाच घरं हिंगणघाटच्या बाजूची, पाच मिरचीवाली समुद्रपूरच्या, पाच वर्ध्याच्या. मिरचीवाल्या मनकर्णाबाईंनी समुद्रपूर सांगितलं आणि वर त्यालाच विचारलं, "दुसरी पसंती काऊन पायजे रे? पोरगी पाह्याले आलेला माणूस धाकटीचं नाव इचारते, तवाच समजते का मोठीचं काही खरं नाई."

आदेश हसला आणि लिहून घेतलं : दुसरी वर्धा, शेवटची हिंगणघाट.

घरी येऊन त्यानं आकडे मांडले. पुस्तकात वाचलेलं कोडं गावात जसंच्या तसं उभं होतं. समुद्रपूर वर्ध्याला हरवत होतं, हिंगणघाट समुद्रपूरला, आणि वर्धा हिंगणघाटला. दरवेळी दहा विरुद्ध पाच. म्हणजे आधी दोन बाजारांची लढत लावायची आणि जिंकेल त्याच्यासमोर तिसरा आणायचा, तर जो शेवटी मैदानात उतरेल तोच जिंकणार. आणि क्रम ठरवणार होता आदेश.

त्याच्या वडिलांची, पुंडलिकरावांची, हिंगणघाटच्या बाजारात बावीस वर्षांची बसायची जागा होती. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांना मोटरसायकल जमेना, आणि वांग्याची पोती पाहिली की एसटीचा कंडक्टर तोंड फिरवायचा. तीन शनिवार जागा रिकामी होती. आणखी एक-दोन शनिवार गेले की तिथं दुसरा कोणी बसणार, आणि बाजारात बसलेला माणूस उठत नसतो.

पोराला जन्मात काही न मागितलेल्या त्या माणसानं ताटाकडे बघतच विचारलं, "तुह्या हातात आहे का काही?"

"हात तर लोकं वर करणार आहेत, बाबा."

"तसं नाई."

आई, कुंताबाई, वाढता वाढता थांबली. आदेशनं भाकरीचा घास उगाचच खूप वेळ चावला.

सभा रविवारी होती. शनिवारीच त्यानं समाजमंदिराच्या फळ्यावर लिहून टाकलं : पहिली लढत, समुद्रपूर की वर्धा. दुसरी, जिंकेल तो की हिंगणघाट. लपवलं नाही म्हणजे पाप नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. प्रबंधात त्याला पारदर्शकता म्हणतात.

रविवारी सकाळी पंधरा घरांची पंधरा माणसं सतरंजीवर बसली. पुंडलिकराव गुडघ्यामुळे तेवढे खुर्चीवर.

"पहिली लढत," आदेश म्हणाला. "समुद्रपूर?"

पाच हात वर आले. पाचही हिंगणघाटवाल्यांचे, त्यांची ती दुसरी पसंती. मिरचीवाल्यांचा एकही नाही.

"काकू, समुद्रपूर म्हणून राह्यलो मी."

"आइकू आलं, बापा. बहिरी नाई झाली मी अजून."

"वर्धा?"

मनकर्णाबाईंचा हात वर गेला. त्यांच्यामागे चार. वर्धावाल्यांचे पाच धरून दहा.

आदेशच्या हातातला खडू थांबला. समुद्रपूर जिंकलं असतं, तर पुढच्या लढतीत हिंगणघाटानं त्याला खाल्लं असतं, आणि हिंगणघाट तर मिरचीवाल्यांना नकोच होतं. म्हणून बाईंनी आपलाच बाजार आपल्या हातानं पाडला होता. आता वर्ध्यासमोर हिंगणघाट टिकणार नव्हतं.

"हे काय झालं?" नत्थूजी गोंधळले. "मिरचीवाल्याईनं चुकून हात वर केला वाटते. परत घेतोस का, आदेश?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. पुंडलिकरावही, गुडघ्यावर हात ठेवून. 'परत घेऊ' एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी तीन पानं भरतील एवढी शास्त्रीय कारणं त्याच्याकडे तयार होती. क्रम बदलता आला असता. मिरचीवाल्यांना कोंडीत पकडता आलं असतं.

"चुकून नाई," तो म्हणाला. "बरोबर आहे."

दुसरी लढत. हिंगणघाट पाच, वर्धा दहा. पुंडलिकरावांनी आपला हात सगळ्यांत शेवटी खाली घेतला.

लोक पांगले. मनकर्णाबाई फळ्यापाशी आल्या. "राग नको मानू. बाजारात जे घ्याचं असते, त्याच्याकडे आपण पाह्यतच नाई. तू तं हिंगणघाट शेवटी ठेवून टक लावून पाहून राह्यला होतास."

बाप-लेक घरी आले. दारात पुंडलिकराव म्हणाले, "जागा गेली मंग."

"नाई गेली," आदेश म्हणाला. "शनिवारी मले तास नसते."

'मतदार आपली खरी पसंती सांगतात, असे गृहीत धरले आहे,' हे प्रबंधातलं वाक्य त्यानं त्या आठवड्यात खोडलं. त्यावर उभी असलेली चाळीस पानंही मग आपोआप आडवी झाली.

शनिवारी तो मोटरसायकलला दोन पोती, एक वांग्याचं नि एक भेंडीचं, बांधून हिंगणघाटला पोचला, तर जागेवर एकानं लसूण मांडलेला. "पुंडलिकरावचा पोरगा मी," एवढंच बोलून आदेश पोतं धरून उभा राहिला. लसूणवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान हलवली आणि माल गोळा करून बाजूला सरकला.

तासाभरानं एक बाई आली. भेंडीचा भाव विचारला, एक एक भेंडी मोडून पाहिली, नाक मुरडलं. वांग्यांकडे तिनं चुकूनही पाहिलं नाही.

आदेशनं वांग्याचा भाव पाच रुपयांनी चढवून सांगितला.